घोडा खच्ची केल्यावर वेदनाशामक कोणतं, किती आणि किती दिवस द्यायचं?

पागा_माळशिरस

नमस्कार मंडळी. आमच्याकडे साडेतीन वर्षांचा मारवाडी घोडा आहे. घोडी दिसली की हाताबाहेर जातो, म्हणून पुढच्या आठवड्यात खच्ची करून घेतोय. आमचे पशुवैद्य इथेच आवारात येऊन करणार आहेत. शिरेतून भूल, घोडा आडवा, आणि दोन्ही जखमा टाके न घालता उघड्या ठेवणार. धनुर्वाताची लस झालेली आहे, शेवटचा डोस आठ महिन्यांपूर्वी.

शस्त्रक्रियेची काळजी नाही, डॉक्टरांचा हात बसलेला आहे. प्रश्न नंतरच्या दुखण्याचा आहे. आमच्या भागात त्या दिवशी एक वेदनाशामक इंजेक्शन आणि चार-पाच दिवस अँटिबायोटिक, एवढीच पद्धत आहे. एक इंजेक्शन पुरतं का? नसेल तर पुढे कोणतं औषध, किती दिवस, तोंडातून देता येईल असं काही आहे का? कारण डॉक्टर रोज येऊ शकणार नाहीत आणि शिरेत टोचणारं आमच्याकडे कुणी नाही. गावातला मेडिकलवाला डायक्लोफेनॅक देतो म्हणतो. शिवाय घोड्याला खरंच दुखतंय की तो नुसता सुस्त आहे, हे ओळखायचं कसं?

वजन लोक अंदाजाने ४०० किलो सांगतात. टेपने मोजलं तेव्हा छातीचा घेर १६० सेंमी आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५५ सेंमी भरली.

अश्ववैद्य_बारामती

बरं झालं टेप लावलीत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. तुमच्या मापांनी ३३४ किलो येतं. ४०० धरून औषध दिलं असतं तर प्रत्येक डोस पाचव्या हिश्शाने जास्त गेला असता, आणि घोड्यात या औषधांना तेवढी सूट नाही. खालचे हिशेब मी ३३० किलोवर करतोय. ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. अंतिम शब्द त्यांचा, कारण घोडा त्यांनी पाहिलाय.

एक इंजेक्शन पुरत नाही. उघड्या जखमेची सूज चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत वाढत असते आणि इंजेक्शनचा असर दुसऱ्या दिवशीच ओसरतो. म्हणजे नेमकं जेव्हा त्याला चालवायचं असतं तेव्हाच तो औषधाविना असतो. मग तो चालत नाही, न चालल्यामुळे जखमेतलं पाणी आत साचतं, साचल्यामुळे सूज ताणली जाते आणि जास्त दुखतं. खच्चीकरणानंतर वेदनाशामक द्यायचं ते भूतदया म्हणून तर आहेच, पण हे चक्र सुरूच होऊ नये म्हणूनही आहे.

पहिला डोस चाकू लागायच्या आधी गेला पाहिजे. शिरेतून असेल तर अर्धा तास आधी. ऊतक कापल्याबरोबर सूज आणणारी रसायनं तयार व्हायला लागतात आणि मज्जारज्जूतल्या नसा चाळवल्या जातात. एकदा त्या चाळवल्या की तेवढ्याच औषधाचा परिणाम कमी दिसतो. बरेच जण घोडा उठून उभा राहिल्यावर इंजेक्शन देतात. औषध तेच, खर्च तोच, उपयोग मात्र कमी.

आता कोणतं. तीन पर्याय खरे आहेत.

फ्लुनिक्सिन मेग्लुमीन १.१ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ३६३ मिग्रॅ. ५० मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून साधारण ७ मिली, फक्त शिरेतून, २४ तासांतून एकदा, जास्तीत जास्त ५ दिवस. पोटातल्या दुखण्यावर याचा हात धरणारं दुसरं नाही. पण हे स्नायूत टोचू नका. गुरांना टोचतात म्हणून घोड्यालाही मानेत टोचतात, आणि त्या जागी क्लॉस्ट्रिडियम जिवाणू वाढून मांस सडल्याची उदाहरणं शास्त्रात भरपूर नोंदलेली आहेत. मान फुगते, दाबली की आत हवा चुरचुरते, आणि घोडा दोन दिवसांत जाऊ शकतो.

फिनाइलब्युटाझोन पहिल्या दिवशी ४.४ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे सुमारे १.४५ ग्रॅम, दोन वेळा. दुसऱ्या दिवसापासून निम्मं, सुमारे ०.७ ग्रॅम, दोन वेळा. स्वस्त आणि जोरदार. पण इंजेक्शन शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी आणि शीर दोन्ही झडतात. आपल्याकडे मिळणाऱ्या काही बाटल्यांत त्याच्या जोडीला सोडियम सॅलिसिलेट असतं. लेबल वाचल्याशिवाय हिशेब करू नका.

मेलॉक्सिकॅम ०.६ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे १९८ मिग्रॅ, २४ तासांतून एकदा. २० मिग्रॅ प्रति मिलीची बाटली असेल तर १० मिली, ५ मिग्रॅची असेल तर ४० मिली. इथे एक चूक फार होते: घोडा मोठा दिसला तरी गाईच्या सवयीने १५-२० मिली टोचून मोकळे होतात. ५ मिग्रॅच्या बाटलीतून २० मिली म्हणजे निम्माच डोस. मग "मेलॉक्सिकॅम घोड्याला लागू पडत नाही" असा बोभाटा होतो. गाईच्या शरीरात हे औषध दिवसभर टिकतं, घोडा ते बरंच लवकर बाहेर टाकतो.

तुमची अडचण बघता मी मेलॉक्सिकॅमच धरेन. पहिला डोस डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी शिरेतून द्यावा. दुसऱ्या दिवसापासून तोच डोस तुम्ही तोंडातून द्या, एकूण ५ दिवस. १०० मिग्रॅचे बोलस, म्हणजे जनावरांच्या मोठ्या गोळ्या, मिळतात, दोन बोलस कुटून गुळाच्या पाण्यात कालवा आणि सुई नसलेल्या ६० मिलीच्या सिरिंजने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा. बोलसमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलं आहे का तेवढं पाहून घ्या. चंदीत मिसळून देऊ नका. आजारी घोडा चंदी टाकतो आणि नेमका किती डोस पोटात गेला ते कळत नाही.

आणि दोन वेदनाशामकं एकत्र नकोत. आज फ्लुनिक्सिन, तरी दुखतंय म्हणून संध्याकाळी ब्युटाझोन, असं झालं की जठरात व्रण, मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागात जखमा, आणि घोडा पाणी कमी पीत असेल तर मूत्रपिंडाला इजा. औषध बदलायचंच असेल तर शेवटच्या डोसनंतर २४ तास जाऊ द्या.

डायक्लोफेनॅक नाही म्हणजे नाही. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं त्यानेच संपत आली. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांच्यावरही २०२३ मध्ये त्याच कारणाने बंदी आली. फ्लुनिक्सिनही गिधाडांना घातक आहे. म्हणून या औषधावर असलेलं जनावर दुर्दैवाने गेलंच तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, हाही त्याच्या बाजूचा एक मुद्दा आहे.

पशु_भूलशास्त्र

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. तुमच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा: घोडा आडवा झाल्यावर, कातडीवर चाकू लावायच्या आधी, प्रत्येक अंडात २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, १५ ते २० मिली टोचायचं. औषध तिथून दोरीत, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांच्या गुच्छात, चढतं. पाचेक मिनिटं थांबायचं. शिवाय चिरा देणार त्या रेषेवर कातडीखाली दोन्ही बाजूंना थोडं. एकूण ५० मिली धरलं तरी १,००० मिग्रॅ होतं, म्हणजे ३३० किलोला ३ मिग्रॅ प्रतिकिलो. ६ मिग्रॅच्या वर जायचं नाही, तिथपर्यंत आपण पोचतच नाही.

याचा फायदा दोन ठिकाणी. झायलाझिन-केटामिनची भूल साधारण १५-२० मिनिटांची असते आणि त्यात दोरी चिमट्यात दाबली की घोडा पाय झाडतो, नाडी वर जाते, वरून आणखी केटामिन द्यावं लागतं. दोरी बधिर असेल तर तो हलत नाही, काम निवांत होतं, रक्तवाहिनी नीट दाबली जाते. दुसरं म्हणजे उठतानाचा तास. लिग्नोकेन तास-दीड तास टिकतं, त्यामुळे घोडा शुद्धीवर येताना दुखण्याने धडपडत उठत नाही. धडपडून उठणं म्हणजे ताजी गाठ सुटून रक्तस्राव.

दुसरा मुद्दा "सुस्त" या शब्दाचा. झायलाझिन दुखणं मारतं, पण २०-४० मिनिटंच. नंतर गुंगी बराच वेळ राहते, वेदनाशमन नाही. ट्रायफ्लुप्रोमाझिन किंवा अ‍ॅसेप्रोमाझिन या गुंगीच्या औषधांनी तर दुखणं अजिबात कमी होत नाही. घोडा मान टाकून उभा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं आराम पडला. खच्चीकरणाच्या वेळी या गटातली औषधं टाळण्याचं आणखी एक कारण आहे: नर घोड्यात लिंग बाहेर लोंबकळत राहून परत आत न जाण्याचा धोका. क्वचित होतं, पण झालं तर कायमचं.

पहिल्या रात्री जास्तच दुखत असेल तर डॉक्टर ब्युटॉर्फॅनॉल देऊ शकतात, ०.०२ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे साडेसहा मिग्रॅच्या आसपास. मात्र ते आतड्याची हालचाल मंदावतं, त्यामुळे लीद मोजल्याशिवाय परत परत नाही. माणसांच्या ट्रामाडॉलच्या गोळ्यांच्या नादी लागू नका, घोड्याच्या पोटातून त्या फारच कमी शोषल्या जातात.

तबेला_व्यवस्था_पुणे

दुखणं ओळखण्याबद्दल लिहितो.

यासाठी २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती खच्ची केलेल्या घोड्यांच्याच फोटोंवरून तयार केलेली आहे, म्हणजे तुमच्या कामाला चपखल. सहा गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण १२.

कान: दोन्ही मागच्या बाजूला ताठ वळलेले, आणि दोन्ही कानांच्या बुंध्यातलं अंतर वाढलेलं. रागाने पाडलेले कान मानेला चिकटतात, हे तसे नाहीत. डोळा: पापणी अर्धवट आवळलेली. डोळ्याच्या वरचं हाड: तिथली कातडी ओढल्यामुळे हाडाचा उंचवटा ठळक दिसतो. जबडा: गालावरचा चावायचा स्नायू टणक, कड उठून दिसते. तोंड: वरचा ओठ मागे ओढलेला आणि खालचा ओठ घट्ट, त्यामुळे हनुवटीची गोळी पुढे आलेली. नाकपुडी: थोडी फाकलेली आणि ताणलेली, नाकाची रेघ सपाट.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, घोडा निवांत उभा असताना, बाजूने फोटो काढून ठेवा. काही घोड्यांचा चेहरा मुळातच ताणलेला असतो, त्यांना निरोगी असतानाही एखाद-दुसरा गुण पडतो. तुलना त्या फोटोशी करायची. खाताना, झोप काढताना किंवा गुंगीत असताना गुण देऊ नका. भुलीच्या दिवशी पहिले चार-पाच तास चेहरा बघून काही निष्कर्ष काढायचा नाही.

आणि जवळ जाऊन बघू नका. माणूस समोर आला की घोडा दुखणं लपवतो. कान टवकारतो, पुढे येतो, तुम्हाला वाटतं झकास आहे. मोबाइल खांबाला बांधून पाच मिनिटं चित्रण करा आणि मग पाहा. गुण दोन वेळा द्यायचे: पुढचा डोस देण्याच्या जरा आधी, आणि डोस दिल्यावर दोन तासांनी. डोसनंतर आकडा खाली येत असेल तर औषध चालतंय. डोसच्या आधी दर दिवशी आकडा कमी होत गेला पाहिजे.

चेहऱ्याबरोबर वहीत एवढं लिहा: नाडी (जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून, निवांत असताना २८ ते ४४), ताप (३७.५ ते ३८.५ सेल्सियस, फॅरनहाइटमध्ये ९९.५ ते १०१.३), लीद किती वेळा, पाणी किती बादल्या. लीद दिवसाला ८-१२ वेळा होते. पहिल्या दिवशी कमी होईल, पण आठ तासांत एकदाही नाही तर डॉक्टरांना फोन. कुशीकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, पुन्हा पुन्हा आडवं होणं, हे जखमेचं दुखणं नाही, पोटशूळ आहे असं धरून चाला.

ताप नेहमी डोसच्या आधी मोजा. ही औषधं ताप उतरवतात. डोसनंतर दोन तासांनी थर्मामीटर लावून "ताप नाही" म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

चालवण्याचं वेळापत्रक: पहिले २४ तास आत, मोकळ्या जागेत, आखूड बांधायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ म्होरकीला धरून २० मिनिटं चालवा. तिसऱ्या दिवसापासून त्यातली काही मिनिटं दुडकी. मोकळं सोडलं की चालेल, असं समजू नका. दुखणारा घोडा मोकळा सोडला तर एका कोपऱ्यात उभा राहतो. तोंडातून दिलेलं मेलॉक्सिकॅम चढायला एक-दोन तास लागतात, म्हणून सकाळी सहाला औषध आणि साडेसातला चाल, असं ठेवा.

खाली लाकडाचा भुसा टाकू नका, जखमेला चिकटतो. गव्हाचं काड जाडसर पसरा. शेपटी वेणी घालून वर बांधा. जखमेत हळद, राख, तेल, कापूस काही भरायचं नाही. ती तोंड उघडं ठेवूनच भरायला हवी. माशांचा स्प्रे मांडीच्या आतल्या बाजूला आणि जखमेभोवती, जखमेत नाही. दुसऱ्या दिवसापासून नळीने गार पाणी दहा मिनिटं, सुजेवरून ओघळेल असं. धार जखमेत मारायची नाही.

अश्ववैद्य_बारामती

तबेला_व्यवस्था यांच्याशी सहमत. धनुर्वाताबद्दल: शेवटच्या डोसला सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेत, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशीच टॉक्सॉइडचा बूस्टर घ्या. ज्यांच्या घोड्याला कधीच लस नाही त्यांनी वेगळ्या जागी १,५०० युनिट अँटिटॉक्सिनही द्यावं. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा प्राणी पाळीव जनावरांत नाही, आणि तिथे कुठलंच वेदनाशामक कामाचं नाही.

पहिल्या दिवशी जखमेतून थेंब पडणार. थेंब मोजता येत असतील तर थांबून बघा. मोजता येत नाहीत अशी धार अर्धा तास चालली तर डॉक्टर. आणि जखमेतून गुलाबी, ओलं, लांबट काही लोंबताना दिसलं तर ते आतडं आहे असं समजून घोडा उभाच धरा, स्वच्छ ओल्या चादरीत ते खालून उचलून धरा आणि डॉक्टर येईपर्यंत सोडू नका. हा धोका पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त, त्यामुळे ते तास घोड्याजवळ माणूस हवाच.

पागा_माळशिरस

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना हे दाखवलं, त्यांनी लिग्नोकेनही दिलं आणि मेलॉक्सिकॅम आधी शिरेतून दिलं. आज तिसरा दिवस.

वहीतलं लिहितो. शस्त्रक्रियेआधी चेहऱ्याचे गुण १. दुसऱ्या दिवशी सकाळी डोसआधी ४, डोसनंतर २. आज सकाळी डोसआधी ६, डोसनंतर ५. लिंगाच्या पिशवीवर सूज आहे, बोट दाबलं की खड्डा पडतो. काल जखमांतून लालसर पाणी गळत होतं, आज जवळजवळ बंद. मागचे पाय फाकवून चालतो, दुडकीला तयार नाही. ताप काल संध्याकाळी १०१.२. नाडी ४८. कडबा खातो, चंदी निम्मी टाकली. लीद सहा वेळा. पाणी दोन बादल्या.

घरचे म्हणतात एक ब्युटाझोन द्यावं का? की डोस वाढवू?

अश्ववैद्य_बारामती

दोन्ही नको.

तुमच्या वहीतली महत्त्वाची ओळ "गळणं जवळजवळ बंद" ही आहे. तिसऱ्या दिवशी गळणं थांबायला नको, आणि डोसआधीचा आकडा चारवरून सहावर जायला नको. पुरेसं औषध चालू असताना दुखणं वाढत जातंय म्हणजे आत काहीतरी अडलंय. बहुतेक वेळा जखमेचं तोंड वरून लवकर चिकटतं आणि पाणी आत कोंडतं. औषध वाढवलंत तर चेहरा सुधारेल, कोंडलेलं पाणी तसंच राहील आणि त्याचा पू होईल.

आजच डॉक्टरांना बोलवा. ते थोडी गुंगी देऊन, निर्जंतुक हातमोजा घालून, बोटाने दोन्ही जखमांची तोंडं परत मोकळी करतील. साचलेलं पाणी भसकन बाहेर येईल, आणि बहुतेक घोडे तासाभरात वेगळे दिसायला लागतात. हे तुम्ही स्वतः करू नका. एक तर लाथ बसेल, दुसरं म्हणजे साध्या हाताने आत घाण जाईल. ते पाणी गढूळ किंवा वास येणारं निघालं तर अँटिबायोटिक बदलायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

उद्या सकाळी डोसच्या आधी ताप मोजा. १०१.२ हा आकडा सकाळच्या डोसनंतर बारा तासांनी आलेला आहे, म्हणजे औषधाच्या छायेतला. उद्या डोसआधी १०१.५ च्या वर गेला, किंवा नाडी ६० कडे सरकली, किंवा पोट आवळलेलं वाटलं, तर संसर्ग दोरीवाटे वर चढतोय का ते बघावं लागेल.

जखम मोकळी केल्यावरही दुखणं राहिलं तर मेलॉक्सिकॅमच्या जोडीला पॅरासिटामॉल देता येतं, कारण ते वेगळ्या मार्गाने काम करतं आणि जठराला तितकं जाचत नाही. २० मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे ५०० मिग्रॅच्या १३ गोळ्या, १२ तासांनी. आकडा बघून दचकू नका, ३३० किलोचं जनावर आहे. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, दोन-तीन दिवसांपुरतं, आणि तुमच्या बोलसमध्ये ते आधीच नाही याची खात्री करून. शिवाय त्यानेही ताप उतरतो, तेव्हा ते सुरू करायच्या आधी ताप नोंदवून ठेवा.

तबेला_व्यवस्था_पुणे

मला पाण्याची जास्त काळजी वाटते. दोन बादल्या म्हणजे किती लिटर? १० लिटरच्या असतील तर २० लिटर, म्हणजे काठावर. वेदनाशामक चालू असताना पाणी कमी पडणं हेच मूत्रपिंडाला भोवतं. पाणी कोमट करून ठेवा, एका बादलीत मूठभर मीठ, दुसरी साधी, त्याला हवी ती पिऊ दे. चंदी निम्मी टाकली ती टाकू द्या. हरभरा बंदच ठेवा चार दिवस. गव्हाचा कोंडा भिजवून पातळसर, आणि ओला लुसर्न घास दोन-दोन किलो तीन वेळा. घासाने जठरातलं आम्लही मवाळ होतं. पोट रिकामं असताना औषध देऊ नका, आधी दोन घास खाऊ द्या.

लघवी करताना बघा. पिशवी फार सुजली की लिंग बाहेर येत नाही आणि तो आतच मुततो, मग कातडी सोलवटते आणि आणखी एक दुखणं मागे लागतं. तसं असेल तर साध्या पाण्याने रोज दोनदा धुवा आणि पिशवीच्या तोंडाशी व्हॅसलीन लावा.

पागा_माळशिरस

डॉक्टर येऊन गेले. उजवी बाजू चिकटली होती, मोकळी केली, पाणी लालसर पण बिनवासाचं. संध्याकाळी गुण ३. पाणी आता कोमट देतोय. एक विचारतो: पाच दिवस झाल्यावर औषध एकदम बंद करायचं की हळूहळू? आणि जठरासाठी ओमेप्राझोल सोबत द्यावं का?

पशु_भूलशास्त्र

मेलॉक्सिकॅम हळूहळू कमी करायची गरज नाही. पाचव्या दिवशी डोसआधीचा आकडा शस्त्रक्रियेआधीच्या आकड्याजवळ असेल, दुडकी मोकळी असेल, तर थांबवा आणि पुढचे ३६ तास वही चालू ठेवा. औषध उतरल्यावर आकडा दोन-तीनने चढला तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस वाढवा. तोंडातून हे औषध घोड्याला १४ दिवसांपर्यंत देतात, तेव्हा सात दिवस झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. एक मात्र, तुमच्या घोड्याची जखम काल परत मोकळी केलीय, त्यामुळे सूज उतरायला इतरांपेक्षा दोन दिवस जास्त लागतील असं धरा.

ओमेप्राझोल सरसकट नको. ब्युटाझोनच्या जोडीला ते दिल्यावर जठराचे व्रण कमी झाले, पण खालच्या आतड्याचे त्रास वाढले, असं एका अभ्यासात दिसलंय. निरोगी घोड्याला पाच-सात दिवसांच्या मेलॉक्सिकॅमसाठी घास सतत समोर ठेवणं पुरेसं आहे. दात खाणं, जिभेवर किंवा हिरड्यांवर फोड, लीद पातळ होणं, पोटाखाली सूज, यातलं काही दिसलं तर आधी वेदनाशामक थांबवायचं आणि मग डॉक्टर. पोटाखालची सूज मात्र नीट बघा. जखमेचं पाणी उतरूनही तिथे सूज येते, ती पिशवीला लागून असते आणि चालवल्यावर कमी होते. औषधाने आलेली छातीकडे, पायांकडेही दिसते.

अश्ववैद्य_बारामती

दोन आठवडे झाले तरी एक गोष्ट बघत राहा. घोडा ताठ चालतो, चारही पाय काठीसारखे, शेपटी थोडी उचललेली, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पांढुरकी वर येते. टाळी वाजवली की ती झटकन डोळ्यावर येते. हा धनुर्वात, जखमेनंतर एक ते तीन आठवड्यांत दिसतो. तुम्ही बूस्टर घेतलाय म्हणून तुमच्याकडे शक्यता फारच कमी, पण हा धागा लस न टोचलेल्या घोड्यांचे मालकही वाचतील. तो ताठरपणा "अजून जखम दुखत असेल" म्हणून वेदनाशामकावर काढू नका. अंधाऱ्या, शांत जागेत बांधा, कानात कापूस घाला आणि त्याच तासाला डॉक्टर बोलवा.

इतर घोड्यांच्या संगतीत लगेच सोडू नका, आणि घोडी तर महिनाभर दूरच ठेवा. उरलेलं वीर्य काही दिवस नळ्यांत असतं, आणि जखम भरायच्या आत उडी मारली तर सगळी मेहनत वाया. स्वार बसवायचा तो जखम पूर्ण भरल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी. त्याआधी लगामावर गोल फिरवणं चालेल, दोन्ही दिशांना सारखं.